तिकडच्या तोंडाची फुलं

जाळीला दोन बाजू होत्या आणि घरात दोन सुना, त्यामुळे वाटणी कुणाला करावी लागली नव्हती. घराकडची बाजू थोरलीची, पलीकडची धाकटीची.

जाळी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. शेताच्या कडेला ओळीनं रोवलेले बांबू, त्यांच्यावर ताणलेली जुनी नायलॉनची जाळी आणि तिच्यावर चढलेला गोकर्णीचा वेल. सकाळी त्यावर निळी फुलं उघडायची. उन्ह चढायच्या आत ती खुडायची, सावलीत वाळवायची, डब्यात भरायची आणि तराजूवाला आला की त्याच्या हवाली करायची. तो ती शहरात चहासाठी विकायचा. फुलांचा चहा आणि तोही निळा! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "शाई पिणारी माणसं दिसतात." पण माणसं शाई पीत होती आणि घराला हातभार लागत होता, तेव्हा सासूबाईंनीही तोंड आवरलं आणि फुलं वाळवायचं काम आपणहून अंगावर घेतलं.

वेलाचं बी धाकटीनं आणलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा रुमालाच्या गाठीत चार बिया होत्या. कुंपणाला टोचल्या, उगवल्या. पुढं तराजूवाल्यानं ती फुलं रस्त्यावरून पाहिली आणि स्कूटर थांबवली. एवढाच त्या पिकाचा इतिहास.

दोघी समोरासमोर उभ्या राहून खुडायच्या. मधे पानांची दाटी, त्यामुळे एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, बोलणं मात्र अखंड. जाळीच्या मध्यावर एखादं फूल असं असायचं की दोघींचे हात दोन्हीकडून एकदमच त्याच्यावर पडायचे. त्यावरून रोज वाद. शेवटी धाकटीनं नियम काढला: फुलाचं तोंड जिकडे, फूल तिचं. नियम काढणारीच पहिली चोर निघाली. हळूच देठाला धरून फुलाची मान आपल्याकडे वळवायची आणि वर म्हणायची, "ताई, बघ गं, माझ्याकडेच बघतंय!" थोरली तिच्या बोटावर टिचकी मारायची. अशा टिचक्या मारत मारत टोपल्या भरायच्या आणि उन्ह कधी चढलं ते कळायचं नाही.

आता पलीकडे कुणी नव्हतं.

दोघा भावांचं वाजलं ते पंपावरून. धाकटा पंप चालू करून झाडाखाली आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. विहिरीतलं पाणी खाली गेलं, पंप कोरडा फिरत राहिला आणि जळाला. चूक होतीच. पण थोरल्यानं ती घरात न काढता दुरुस्तीच्या दुकानात, चार लोकांत काढली. "बायको फुलं वेचते आणि हा झोपा काढतो," असं तो म्हणाला आणि लोक हसले. धाकटा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आठवडा संपायच्या आत त्यानं शहरात एका गोदामावर पहारेकऱ्याचं काम मिळवलं आणि बायकोला घेऊन, एक पेटी, एक शेगडी आणि तेलाचा डबा घेऊन तो निघून गेला.

जायच्या दिवशी थोरलीनं मनाशी एक वाक्य धरून ठेवलं होतं. तू जाऊ नकोस, एवढंच ते वाक्य होतं. फाटकाशी धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली, डोळे भरलेले, आणि थोरलीच्या तोंडून निघालं, "डब्याचं झाकण नीट लाव. तेल सांडेल." धाकटीनं मान हलवली. मग बस आली.

त्याला महिना उलटून गेला होता. थोरली अजून रोज सकाळी ते वाक्य मनात म्हणत होती आणि अजून रोज त्याच्या जागी ते झाकणच निघत होतं.

सुरुवातीचे काही दिवस तिनं दोन्ही बाजू केल्या. आपली झाली की वळसा घालून पलीकडे जायची. पण पलीकडच्या बाजूला उन्ह आधी येतं. ती पोचेपर्यंत फुलांनी माना टाकलेल्या असायच्या आणि अशी फुलं वाळली की त्यांचा रंग उतरतो. ते एक कारण. दुसरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. जाळीच्या टोकाला धाकटीची वीट पडलेली होती. खुडता खुडता धाकटी रोज एकदा तरी त्या विटेवर जाऊन बसायची. बोलणं मधेच थांबायचं आणि थोरली ओरडायची, "बसलीस का पुन्हा?"

"चपलेत खडा गेलाय, ताई."

रोज खडा. साऱ्या शेतातले खडे त्या एकाच चपलेत कसे जायचे कोण जाणे. आता वीट रिकामी होती आणि थोरली तिच्याकडे न बघता पुढं जायची. मग एके दिवशी तिनं वळसा घातला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इकडच्या तोंडाची फुलं ती खुडायची आणि तिकडच्या तोंडाची तशीच ठेवायची. तिला ती पाठमोरी दिसायची. फिकट पाठी आणि हिरवे देठ. ती धाकटीची फुलं होती. दुसऱ्याच्या फुलांना हात कसा लावायचा?

वेडेपणाच होता. तो तिलाही कळत होता. पण कळलं म्हणून वळलं असं थोडंच असतं.

फुलं वाळायची माडीवरच्या खोलीत. खाटांच्या चौकटींवर पातळ कापड ताणलेलं, खिडक्यांना पोती लावून उन्ह अडवलेलं, वारा मात्र खेळता. सासूबाई एका खाटेपाशी बसून एकेक फूल बोटानं उलटं करायच्या. गुडघ्यांनी त्यांना दगा दिला होता, जिना बसत बसत चढावा लागायचा, पण बोटं अजून शाबूत होती. वाळलेलं फूल कागदासारखं कुरकुरलं पाहिजे. जरा ओलं राहिलं की सगळ्या डब्याला बुरशी. त्यामुळे प्रत्येक फूल कानाशी नेऊन त्या ते हलकेच दाबायच्या, जणू ते काही सांगणार होतं.

"पूर्वी चारही खाटा भरायच्या," सासूबाई म्हणाल्या.

थोरली टोपली रिकामी करत होती. "बार कमी आहे वेलाला."

"वेलाला की तुला?"

थोरलीनं रिकामी टोपली झटकली. सासूबाईंनी एक फूल कानाशी धरलं आणि खाली ठेवलं. "मलाही तिच्याशिवाय करमत नाही," त्या म्हणाल्या. "हसायची तर इथवर ऐकू यायचं. पण मी काही फुलं उलटायची सोडली नाहीत."

तराजूवाला आला तेव्हा व्हायचं तेच झालं. त्याची एक रीत होती. आधी गरम पाण्याचा पेला मागायचा, डब्यातलं एक फूल त्यात टाकायचा आणि पेला उजेडात धरायचा. पाण्यात निळा धूर सुटावा तसा रंग उतरायचा. तो बघताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. त्या दिवशीही झाला. मग त्यानं काटा काढला, डबा आकड्याला अडकवला आणि काट्यानं काही फारशी मान झुकवली नाही.

"रंगाला नाव ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. "पण बाई, हे एवढंच?"

"वेल जरा दमलाय."

शेजारची माणसं फाटकाशी उभी होती. तराजूवाला एरवी हेल्मेट काढून ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा, साधा, दुधाचा. निळा चहा त्यानं स्वतः कधी प्यायलेला कुणी पाहिला नव्हता. आज त्यानं हेल्मेट डोक्यावरच ठेवलं. थोरलीला ते फार लागलं. "मला एवढ्यासाठी इकडे वळणं परवडत नाही," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला डबे भरलेले हवेत. नाहीतर मी सरळ जाईन, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." स्कूटरला पाय लावता लावता त्यानं विचारलं, "आणि त्या दुसऱ्या बाई? हसणाऱ्या?"

"गावाला गेलीय," थोरली म्हणाली. "येईल."

थोरला ओट्यावर कुदळीचा दांडा घासत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही, पण त्याचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जाळीपाशी गेला, थोरली कधी जात नव्हती त्या बाजूला. जरा वेळानं तिकडून त्याचा आवाज आला. "अगं ए, हे काय आहे? इकडे ये."

"तिथूनच बोला."

"शेंगा धरल्यात! खालपासून वरपर्यंत नुसत्या शेंगा. तुला माहीत नाही का या वेलाचं? खुडत राहिलं तर फुलत राहतो. एकदा शेंगा भरायला लागल्या की त्याला वाटतं, झालं आपलं काम. मग तुझ्या बाजूलाही फुलं कशी येतील? मूळ तर एकच ना!"

थोरलीच्या हातात दोन फुलं होती. ती टोपलीत टाकायचंही तिला सुचलं नाही. हे तिला माहीत होतं. वेलाची खोड तिच्याइतकी कुणाला माहीत? तरी कुणीतरी मोठ्यानं म्हणेपर्यंत तिनं ते स्वतःला कळू दिलं नव्हतं.

थोरला वळसा घालून इकडे आला. त्याच्या शर्टाला पानं चिकटली होती. "आधी ती बाजू करायची, मग ही. साधी गोष्ट आहे."

"ती तिची बाजू आहे."

"ती इथं आहे का?"

"नाही. का नाही?"

शेवटचे दोनच शब्द. थोरला शर्टावरची पानं एकेक करून काढत राहिला. सगळी निघाली तरी हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बाई लावून देतो एक मदतीला."

बाई आली ती भिंगरी. तिचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नसे. कुठल्याही कामात गरगर फिरायची म्हणून भिंगरी. खुडायला लागली तर कळी म्हणू नका, फूल म्हणू नका, कोवळा शेंडा म्हणू नका, हाताला येईल ते टोपलीत. तोंडही तेवढंच चालायचं. तिच्या व्याह्यांच्या म्हशीपासून सुरू झालेली गोष्ट चार बांबूंमधे तिच्या दातदुखीपर्यंत पोचली होती. थोरली हूं हूं करत होती. आणि मग पानांमधून भिंगरीचा हात आरपार इकडे आला आणि थोरलीच्या नाकासमोरचं फूल खुडून घेऊन गेला.

"ते माझं होतं," थोरली म्हणाली.

"काय?"

"त्याचं तोंड माझ्याकडे होतं."

पलीकडे भिंगरी प्रथमच गप्प झाली. "फुलाचं तोंड?" तिनं जपून विचारलं.

थोरलीला सांगता आलं असतं. पण सांगायला गेलं तर ते नियमाचं हसू होणार, टिचक्यांचं हसू होणार आणि गल्लीभर फिरून ते परत दाराशी येणार. तिनं टोपली खाली ठेवली. "राहू दे. आजचं काम घे आणि जा. उद्या नको येऊस."

भिंगरी गेली आणि थोरलीशी फुलं बोलतात ही बातमी तिच्याआधी गल्लीत पोचली. थोरलीला त्याचं काही वाटलं नाही. पलीकडून आलेला तो परका हात मात्र तिला दिवसभर दिसत राहिला.

सुटीच्या दिवशी संध्याकाळी शहरातून फोन यायचा. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. फोन वाजला की थोरला तो उचलून न बोलता आईच्या हातात द्यायचा आणि तिकडून धाकटाही "आई आहे का?" एवढंच विचारायचा. सासूबाईंना फोनवरचं नीट ऐकू यायचं नाही म्हणून आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जायचं. अशा फोनवर कोण काय बोलणार? जेवण झालं का, झालं. पाऊस आहे का, नाही. तब्येत बरी आहे का, बरी आहे. धाकटी फोनवर आली तरी हेच.

त्या दिवशी थोरलीनं फोन घेतला आणि जेवणाचं विचारलंच नाही.

"तुझ्या बाजूला शेंगा लागल्यात."

तिकडे कुठेतरी भांडं पडलं. मागे कुणाचा तरी रेडिओ चालू होता. "काढल्या नाहीस, ताई?"

"तुझ्या आहेत."

सासूबाई म्हणाल्या, "तुटला का फोन?" थोरला उठून ओट्यावर गेला.

"मी येते," धाकटी म्हणाली.

पुढचे दिवस थोरलीचे पाय जमिनीला लागत नव्हते. धाकट्यांची खोली तिनं झाडली, पुसली, गादीला उन्ह दाखवलं. धाकटीची टोपली माळ्यावर टाकली होती ती काढून धुतली आणि आपल्या टोपलीशेजारी खुंटीला लावली. सासूबाई सगळं बघत होत्या. "ती येते म्हणाली," त्या सावधपणे म्हणाल्या. "राहायला येते असं नाही म्हणाली." थोरलीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. येते म्हणजे येते. माणूस आपल्या घरी येतं ते राहायलाच ना?

धाकटी उतरली ती एका पिशवीनिशी. कापडी पिशवी, किनार उसवलेली. थोरलीची नजर तिच्या मागे, बसच्या दाराकडे गेली. मागून काही उतरलं नाही.

"एवढीच पिशवी?"

"एका दिवसाची तर रजा आहे, ताई." आणि तिनं थोरलीला मिठी मारली. तिच्या अंगाला गोंदाचा वास येत होता. ती जरा बारीक झाली होती, पण डोळ्यांत काहीतरी नवं होतं. दुखणं नव्हतं ते. थोरलीला दुखणं दिसलं असतं तर बरं वाटलं असतं, आणि असं वाटल्याची तिला लाजही वाटली.

थोरला भावजयीसमोर आला, घसा साफ केला. "त्याला म्हणावं..." तो म्हणाला आणि अडला. सगळ्या थांबल्या. "म्हणावं, पंप दुरुस्त झालाय."

"सांगते, भाऊजी," धाकटी म्हणाली. ती हसली नाही. हसण्याची गोष्ट नव्हती हे तिला कळलं. एवढं म्हणायला त्या माणसाला महिना लागला होता.

सकाळी उजाडता उजाडता दोघी जाळीपाशी गेल्या. पानांवर दव होतं. थोरली आपल्या जागी उभी राहिली आणि पलीकडून पावलं आली, थांबली आणि ते हसू आलं, घरापर्यंत ऐकू जाणारं. "अगं बाई! हे काय रान माजवलंयस!"

थोरलीनं डोळे मिटून घेतले. एवढ्यासाठीच तर तिनं वेल वाया घालवला होता.

शेंगा तुटल्याचा कट् कट् आवाज येऊ लागला. हिरव्या शेंगा धाकटी खाली टाकत होती, वाळलेल्या रुमालात. थोरली फुलं खुडत होती. मोजकीच होती, पण ती हात मुद्दाम सावकाश चालवत होती. धाकटी शहराचं सांगत होती. बाटल्यांवर कागद चिकटवायच्या कारखान्यात तिला काम मिळालं होतं. मधे पट्टा फिरतो, त्याच्यावरून बाटल्या येतात. पट्ट्याच्या या बाजूला ही, त्या बाजूला एक बाई.

"ती कशी आहे?" थोरलीनं विचारलं. मत्सर लपवायचा प्रयत्न तिनं केला नाही.

"बोलतच नाही. तोंडाला फडकं बांधून असते. एखाद्या बाटलीचं चित्र माझ्याकडे वळलेलं असलं ना, ताई, की मला वाटतं ही माझी. एकटीच हसते मी. त्या बाईला वाटतं, मला वेड लागलंय."

"माझ्याशी फुलं बोलतात म्हणे. गल्लीत विचार."

दोघी हसल्या. पानांमधून धाकटीचा हात इकडे आला, एका फुलाशी गेला, थोरलीनं टिचकी मारली, हात पटकन मागे गेला. मग थोरलीनं हातातली टोपली खाली ठेवली. महिनाभर घोळवलेलं वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं आणि या वेळी झाकण आडवं आलं नाही.

"तू परत ये," ती म्हणाली. "मला तुझ्याशिवाय इथं उभं राहवत नाही."

कट् कट् थांबलं. पानं थोडी हलली.

"ताई..."

"भाऊजींना समजावू आपण. यांचाही राग गेलाय. पाहिलंस ना काल."

"तिकडे त्यांचाही गेलाय. केव्हाच गेलाय," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी जवळून येत होता, जणू तिनं कपाळ जाळीला टेकलं होतं. "रागानं नाही राहिलो आम्ही तिथं. आम्ही खोली घेतलीय. एवढीशी आहे. पण तिला खिडकी आहे, खिडकीला गज आहेत. वेल चढेल."

थोरलीला सगळं कळलं. तरी तिनं विचारलं, "म्हणजे तू बी न्यायला आलीस."

"बी न्यायला पण."

"ने. तुझंच आहे. तूच आणलं होतंस."

"ताई, तू रागाव माझ्यावर. पण मी खोटं नाही सांगणार. मला तिथं आवडतं." ती थांबली. "तू तेवढी तिथं नाहीस."

थोरलीनं खाली वाकून टोपली उचलली. काही फुलं खाली सांडली होती ती वेचली. रडू आलं होतं, पण समोरून दिसणार नव्हतं, ही त्या जाळीची एक सोय होती. पलीकडून पानांची सळसळ येतच होती. शेंगा तर केव्हाच संपल्या असाव्यात, कट् कट् ऐकू येत नव्हतं.

"काय करतेयस गं इतका वेळ? उन्ह आलं तुझ्या बाजूला."

"आलेच, ताई. चपलेत खडा गेलाय."

बसच्या वेळेला फाटकाशी दोघी उभ्या राहिल्या. रुमालाची गाठ पिशवीत होती. पिशवीची किनार कालपेक्षा जास्तच उसवलेली होती, एका बाजूचे धागे पार निघून गेले होते. थोरली म्हणणार होती, दे, शिवून देते, पण वेळ नव्हता.

"झाकण नीट लावलंय," धाकटीच म्हणाली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मग थोरलीलाही. बसवाल्यानं हॉर्न वाजवला तरी दोघी तशाच.

शेंगा उतरवल्यावर वेल काही दिवस रुसून बसला. थोरली रोज जायची, पाणी सोडायची, पिवळी पानं काढायची, पण नजर जमिनीवर ठेवूनच. मग कळ्या दिसू लागल्या आणि एका सकाळी ती टोपली घेऊन जाळीपाशी आली आणि आली तिथंच उभी राहिली.

तिच्या बाजूला सगळी जाळी निळी झाली होती. एवढी फुलं तिनं एका बाजूला कधी पाहिली नव्हती. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. एकही पाठ दिसत नव्हती.

ती वळसा घालून पलीकडे गेली. तिकडे नुसती पानं होती, एक फूल नाही. तिनं वाकून पाहिलं. धाकटीच्या बाजूचा एकेक शेंडा जाळीच्या भोकातून आरपार तिच्या बाजूला काढून दिलेला होता. परत मागे येऊ नये म्हणून जागोजागी धाग्यानं सैलसर बांधलेला. पिशवीच्या किनारीचे धागे. खालपासून, हात पोचेल तिथवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

एकेक गाठ चाचपत थोरली पुढं गेली. जाळीच्या टोकाला ती वीट होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच तिच्यावर बसली.

बसल्यावर तिला दिसलं. उभ्यानं कुंपणाच्या झुडपांपलीकडे काही दिसत नसे. पण विटेवर बसलं की झुडपांच्या बुडाशी एक मोकळी फट होती आणि त्या फटीतून रस्ता दिसत होता. रस्ता, बस थांबायची जागा आणि तिथून शहराकडे जाणारं वळण. थोरलीच्या बाजूनं इतकी वर्षं घर दिसत होतं, धुराडं दिसत होतं, ओट्यावर बसलेल्या सासूबाई दिसत होत्या. या बाजूनं हे दिसत होतं.

सकाळची बस आली, थांबली, दोन माणसं चढली आणि ती वळणावरून गेली. धूळ खाली बसेपर्यंत थोरली बघत राहिली. पंप जळायच्या कितीतरी आधीपासूनचा रोजचा तो खडा तिला आठवला आणि तिनं त्यावरून केलेला आरडाओरडाही.

"अगं, मग बोलायचं ना एकदा तरी," ती मोठ्यानं म्हणाली.

पलीकडून कुणी उत्तर दिलं नाही. विटेवर उन्ह आलं होतं. तराजूवाला याच आठवड्यात यायचा होता आणि इकडच्या बाजूची सगळी फुलं अजून खुडायची राहिली होती. थोरली उठली, वळसा घालून आपल्या जागी गेली आणि दोन्ही हातांनी खुडू लागली.